आठ वार कापड

एडिंबरो शहराच्या जुन्या वस्तीत एक उतरता रस्ता आहे. त्याच्या वरच्या टोकास किल्ला, खालच्या टोकास राजवाडा, आणि मध्ये लोकरी कापडाची कितीतरी दुकाने. त्यांपैकी एका दुकानात एक तरुण बराच वेळ उभा होता. त्याच्या बहिणीचे लग्न जवळ आले होते आणि त्या लग्नात किल्ट नेसून मिरवावयाचे, असे त्याने ठरविले होते. किल्ट म्हणजे स्कॉटलंडमधील पुरुषांचे गुडघ्यापर्यंत येणारे, मागील बाजूस निऱ्या घातलेले लोकरी वस्त्र. ते एकदा शिवले, की जन्मभर पुरते. पुष्कळदा मुलाच्या व नातवाच्याही वाट्यास येते. त्यासाठी तरुणाने वर्षभर पैसा साठविला होता. पण त्याला चिंता होती ती निराळीच.

किल्टचे कापड चौकड्यांचे असते. त्यास टार्टन म्हणतात. दुकानाच्या भिंतीवर आडनावांची एक लांबलचक यादी टांगलेली होती. कोणत्या घराण्याचे टार्टन कोणते, हे तीत दिले होते. तरुणाने ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. त्याचे आडनाव तीत नव्हते. आपल्याला किल्ट नेसण्याचा अधिकारच नाही की काय, ह्या विचाराने त्याचा चेहरा उतरला.

वृद्ध दुकानदाराच्या ध्यानात ते आले. तो हसून म्हणाला, "त्या यादीला इतके भिऊ नका. तुम्हांला वाटते तितकी ती जुनी नाही."

म्हाताऱ्याचे म्हणणे खरे होते. चौकड्यांचे लोकरी कापड प्राचीन आहे, ह्यात शंका नाही. फॉल्कर्क गावी जमिनीत रोमन नाण्यांनी भरलेले एक मडके सापडले. त्याच्या तोंडाशी कोंबलेला कापडाचा तुकडा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील आहे. त्याला रंग दिलेलाच नाही! फिकट व गडद लोकरीच्या नैसर्गिक छटांनीच त्या अज्ञात विणकराने चौकडी साधली आहे. परंतु अमुक चौकडी अमुक घराण्याची, ही वाटणी फार पुढची. १७४६ साली कलोडनच्या माळावर डोंगरी लोकांच्या बंडखोर सैन्याचा पराभव झाला आणि सरकारने कायदा केला, की सैनिकांखेरीज कोणाही पुरुषाने वा मुलाने डोंगरी पोशाख करू नये. पहिल्या अपराधास सहा महिने कैद. दुसऱ्या अपराधास सात वर्षे समुद्रापलीकडे हद्दपारी. एका वस्त्राचे राज्यकर्त्यांना केवढे हे भय! हा कायदा १७८२ साली रद्द झाला. बंदी आली तेव्हा जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो आता पंचेचाळिशीचा झाला होता.

पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला. त्याच्या स्वागताची व्यवस्था प्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट ह्यांनी पाहिली होती. डोंगरी सरदारांनी आपापल्या टार्टनमध्ये यावे, असे ठरले. आणि आपले टार्टन कोणते, ह्याचा शोध सुरू झाला. बॅनकबर्न गावच्या विल्सन कुटुंबाच्या मागांवर असे कापड पूर्वीपासून विणले जात असे. त्यांच्या वहीतील कित्येक नमुन्यांना केवळ क्रमांक होते. त्यांतील काहींना पुढे घराण्यांची नावे चिकटली.

"मग नियम असा काहीच नाही?" तरुणाने विचारले.

"आहे ना! बाल्मोरल नावाचे करड्या रंगाचे टार्टन राजघराण्याचे. ते मी तुम्हांला विकणार नाही. बाकी सारा रिवाज. पुष्कळ लोक आईच्या घराण्याचे टार्टन घेतात. तुमच्या आईचे माहेर कोणते?"

पण आईचे माहेरचे आडनावही यादीत नव्हते.

"असू द्या. गाव कोणते?"

"आम्ही गॅलोवेकडचे. आजोबांच्या गाई होत्या तिकडे."

दुकानदाराने शिडी लावून वरच्या फळीवरील एक हिरवा तागा काढला. हे गॅलोवे प्रांताचे टार्टन. तेही पुरातन नव्हे, विसाव्या शतकातले. त्याला कोणा सरदाराचे नाव नाही. त्या मातीत जो वाढला, तो ते घेऊ शकतो.

एवढ्याने निवड संपत नाही. टार्टनमध्ये ताण्याला जो रंगांचा क्रम, तोच बाण्याला. उभा हिरवा धागा आडव्या हिरव्या धाग्यास भेटला, की रंग शुद्ध दिसतो. निळ्यास भेटला, की दोहोंच्या मधली छटा उमटते. सहा रंगांच्या धाग्यांतून अशा एकवीस छटा निर्माण होतात! म्हणून तळहाताएवढ्या तुकड्यावरून टार्टन पारखू नये. शिवाय एकाच नमुन्याचे रंग कोणी गडद विणतो, तर कोणी जुन्या वनस्पतिज रंगांसारखे फिके. तरुणाने तागा दारापाशी उजेडात नेला, खांद्यावर टाकला आणि आरशापासून दहा पावले मागे सरून पाहिला.

स्वस्त, पातळ कापडही दुकानात होते. त्याचा भाव ऐकून तरुण क्षणभर घुटमळला. दुकानदार काही बोलला नाही. त्याने दोन्ही कापडांना चार-चार चुण्या घातल्या आणि हात सोडले. पातळ कापड पसरले. जड कापडाच्या निऱ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या.

चांगल्या किल्टला आठ वार कापड लागते. आपल्याकडील नऊवारी लुगड्याहून एकच वार कमी, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्याचा पन्हा बराच लहान असतो. दुहेरी पन्ह्याचे चार वार कापड घेऊन ते मधोमध फाडतात व दोन्ही तुकडे जोडतात. किल्टच्या खालच्या कडेस दुमड घालीत नाहीत. तेथे कापडाचा मूळ काठच येतो. त्यामुळे काठ सरळ आणि घट्ट विणलेला आहे ना, हे आधी पाहावे लागते. आणि सर्वांत अवघड काम निऱ्यांचे. प्रत्येक निरीत चौकडीचा एक पूर्ण फेरा दडवितात, म्हणजे पाठीमागेही नमुना अखंड दिसतो. कापडाचा बराचसा भाग अशा रीतीने आतच राहतो. तो कोणाला दिसत नाही. पण तो नसेल, तर चालताना किल्ट डौलाने झुलत नाही.

दुकानदाराने कापड मेजावर पसरले, दोनदा मोजले आणि कात्री उचलली. "एकदा कापले, की परत घेता येणार नाही हं," तो म्हणाला.

तरुणाने मान हलविली. कात्री चालू लागली. उरलेल्या कडेची एक चिंधी मेजावरून खाली पडली. ती त्याने उचलली आणि आईला दाखविण्यासाठी खिशात ठेवली.