साहित्याच्या वर्गातल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनी,



तू घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्यात राहतेस की कल्याण-शीळ रस्त्यावरच्या, याने या पत्रात काही बदलत नाही. दोन्हीकडे वाहतुकीची कोंडी सारखीच आणि ‘एम.ए. मराठी करून पुढे काय?’ असं विचारणारे शेजारीही सारखेच. त्यांना उत्तर देणं सोपं आहे. शेवटच्या सत्राच्या तोंडावर तू स्वतःला विचारते आहेस तो प्रश्न मात्र अवघड आहे: या दोन वर्षांत मी पुढे सरकले का? गुणपत्रिकेत क्रेडिट असतील, श्रेणी असेल. वाचक म्हणून तू कुठवर आलीस, याचा रकाना तिच्यात नाही. म्हणून तुझ्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या अभ्यासकाची आठवण करून देते.

विनायक लक्ष्मण भावे ठाण्याचे. शिकले विज्ञान, धंदा केला मिठाचा. 1 जून 1893 रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, त्यात त्यांचा पुढाकार होता. मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणारं त्यांचं ‘महाराष्ट्र सारस्वत’ 1899 च्या सुमारास एका निबंधाच्या रूपात आलं. तेवढ्यावर ते मिरवू शकले असते. पण महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिपीतल्या पोथ्यांचं कुलूप इतिहासाचार्य राजवाड्यांनी उघडलं आणि तेराव्या शतकातलं मराठी गद्य अभ्यासकांसमोर आलं. भाव्यांनी स्वतः पोथ्या मिळवल्या, वाचल्या आणि 1919 मध्ये ‘सारस्वत’ची नवी, कितीतरी मोठी आवृत्ती काढली. नवा पुरावा हाती आल्यावर स्वतःचंच पुस्तक त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. साहित्याच्या अभ्यासातली प्रगती मला तरी अशीच दिसते.

आता पहिल्या कसोटीसाठी तुझ्या वहीकडे वळू. पहिल्या सत्रात कवी मर्ढेकरांवर लिहिताना तू ‘दुर्बोध’ हा शब्द वापरला असशील. सगळेच वापरतात. आज ते तुला सोपे वाटत असतील, तर आधी बघ की सोपे कशाने झाले. गाइडमधले सहा मुद्दे पाठ झाल्याने झाले असतील, तर ती प्रगती गाइडवाल्याची. 1947 च्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला झाला, 1952 मध्ये मर्ढेकर निर्दोष सुटले आणि यथावकाश तीच कविता अभ्यासक्रमात येऊन बसली. वाचकांना ती तेव्हा का टोचली आणि आज वर्गात का टोचत नाही, हे तुला कवितेतल्या शब्दांवर बोट ठेवून सांगता येतं का? येत असेल, तर तू पुष्कळ पुढे आलीस. ‘यंत्रयुगातील माणसाची घुसमट’ एवढ्यावर उत्तर संपत असेल, तर अजून बाकी आहे.

दुसरी कसोटी संज्ञांची. ‘अनन्यता’, ‘देशीयता’, ‘संहिता’, ‘स्त्रीवादी वाचन’ ही नाणी आता तुझ्याकडे खुळखुळतात. वर्गात त्यांना मान आहे. पण संज्ञा वगळून तोच परिच्छेद लिहून बघ. काही उरलं तर ते तुझं. काहीच उरलं नाही, तर ती संज्ञा उसनी होती असं समज.

तिसरी गोष्ट तुझ्या घरातली. दोन्ही मानपाड्यांच्या आसपास मूळची वस्ती आगरी गावांची. तुझ्या घरी ती बोली असेल आणि वर्गात तू ती दाराबाहेर ठेवून येत असशील, तर हातातलं हत्यार घरी विसरून येतेस. महानुभाव पंथातल्या म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचलं ते पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसांच्या तोंडून गोळा करून. त्या गद्याला कान लावायचा, तर बोलण्याची लय ओळखणारा कान हवा, आणि तो तुला घरबसल्या मिळालेला आहे. 2017 मध्ये डोंबिवलीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं यजमानपद आगरी यूथ फोरमकडे होतं. मांडव घालायला जो समाज पुढे येतो, त्याच्या मुलीनं समीक्षेच्या तासाला मागच्या बाकावर गप्प का बसावं?

वर्गातल्या मैत्रिणीपेक्षा तू कमी पुस्तकं वाचलीस, ही खंत सोडून दे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला. एकाच ग्रंथाशी इतका वेळ बसण्याला आपल्या परंपरेत मोठी प्रतिष्ठा आहे. सत्र पद्धतीत ती सवड मिळत नाही, ही तुझी तक्रार रास्तच आहे. अभ्यासक्रम दर सहा महिन्यांनी नवी यादी पुढे करतो आणि जुन्या यादीकडे वळायला कुणी सांगत नाही. हा त्याचा दोष आहे आणि त्यावर इलाज तुलाच करावा लागेल.

तेव्हा एवढं कर. पहिल्या सत्रातला तुझा एक निबंध बाहेर काढ. ज्या पुस्तकावर तो लिहिलास, ते नोट्स न घेता पुन्हा वाच. मग तोच निबंध नव्याने लिही आणि जिथे मत बदललं, तिथे कोणत्या ओळीमुळे बदललं ते समासात नोंदव. तो समास किती भरला, यावरून तुझी प्रगती तुला कळेल. तो निबंध वर्गाच्या बाईंना दाखव आणि त्यांना पटलं नाही, तर पुस्तक उघडून वाद घाल.

तुझी,
एक वाचक