टोपलीतलं लॉकेट

'सुपरनॅचरल' मला चुलतभावाने, सुन्याने दिली. दिली म्हणजे त्याच्या हार्ड डिस्कवरून माझ्या लॅपटॉपवर उतरवली. पुण्यात आम्ही एकाच हॉस्टेलवर होतो आणि गावाकडे आमच्या घरांचं बोलणं बंद होतं. कारण, विहिरीच्या पाण्याची पाळी. बाबा आणि काका एकाच बांधावरून एकमेकांकडे न बघता जायचे. दिवाळीत फराळाचे डबे मात्र इकडून तिकडे जात, आणि ते पोचवायचं काम आम्हा पोरांचं. सुन्याची नि माझी दोस्ती त्या डब्यांवर जमली.

मालिका २००५ साली अमेरिकेत सुरू झाली. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात १९८३ साली एका तरुण आईला सैतानी शक्ती पाळण्यावरच्या छताला चिकटवून जाळते. बाप, जॉन विंचेस्टर, तिच्या मारेकऱ्याच्या शोधात दोन पोरांना घेऊन मोटेलांमधून वणवण करतो. थोरला डीन बापाचा शब्द झेलणारा. धाकटा सॅम भांडून स्टॅनफर्डला शिकायला जातो आणि बाप त्याला बजावतो, गेलास तर परत येऊ नकोस. गोष्ट सुरू होते तेव्हा भावांचं बोलणं तुटलेलं असतं. बाप बेपत्ता होतो आणि डीन रात्री चोरासारखा सॅमच्या घरात शिरतो. पुढे १९६७ची काळी इम्पाला गाडी, डिकीत शस्त्रं आणि रोज नवं भूत. उंबऱ्याशी मिठाची रेघ ओढायची, लोखंड हाताशी ठेवायचं, हाडं उकरून जाळायची. मिठाने दृष्ट काढणाऱ्या माझ्या आजीला यात फारसं नवल वाटलं नसतं. (ही एवढी अमेरिका बव्हंशी कॅनडात, व्हँकुव्हरच्या आसपास उभी केलेली आहे. कुठल्याही राज्यात गेलं तरी झाडं तीच आणि पाऊसही तोच.)

भुतांची भीती पहिल्या सीझनमध्येच संपली. नंतर आम्ही बघत होतो ते भांडण. सॅम बरोबर की डीन, यावर हॉस्टेलच्या गच्चीवर आमचे तास जात. गावच्या विहिरीचा विषय तिथे कधीच निघाला नाही.

या मालिकेची एक खोड मला शेवटपर्यंत खटकली. दोघांत बिनसलं की लेखक कुणाला तरी मरायला लावत. सॅमला जिवंत करायला डीन आत्मा गहाण टाकतो. जग वाचवायला सॅम ल्युसिफरला अंगात घेऊन पाताळातल्या पिंजऱ्यात उडी मारतो. डोळ्यांत पाणी येतं, नाही असं नाही. पण भावासाठी जीव देणं हा पडद्यावरचा सोपा उपाय आहे. मरायला कारण लागतं, ते लेखक पुरवतो. समोर बसून 'तू मला सोडून का गेलास' विचारायला जे लागतं ते कुठून आणायचं? चौथ्या सीझनच्या शेवटी डीन सॅमला फोनवर माफीचा निरोप ठेवतो आणि सॅमला ऐकू येतात ते बदललेले, विखारी शब्द. दोघांपैकी एकानेही तो विषय पुढे काढला नाही. बरेच चाहते याला पटकथेतली ढिलाई म्हणतात. मला तो मालिकेतला सर्वांत खरा भाग वाटतो.

आणि ते लॉकेट. काळ्या दोऱ्यातला छोटासा शिंगवाला पितळी मुखवटा. लहानपणी नाताळला बाप आला नाही, म्हणून सॅमने बापासाठी ठेवलेली ही भेट डीनला दिली आणि डीनने ती गळ्यात घातली. २०१०च्या एका भागात दोघं मरून स्वर्गात पोचतात. तिथे प्रत्येकाला आपले सुखाचे क्षण दिसतात. डीनच्या क्षणांत सॅम असतो. सॅमच्या क्षणांत दुसऱ्याच कुटुंबाचं जेवणाचं टेबल, घरातून पळून जाणं. जिवंत होऊन परतल्यावर डीन निघता निघता ते लॉकेट मोटेलच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकतो. सुन्याने तिथे लॅपटॉप बंद केला आणि दोन दिवस मालिकेचं नाव काढलं नाही.

पुढे तो बंगळुरूला, मी ठाण्याला. नोकऱ्या, लग्नं. मालिका चालूच होती आणि खरं सांगायचं तर मधली काही वर्षं ती बरीच वाईट होती. निर्माता एरिक क्रिप्के पाचव्या सीझननंतर सूत्रं सोडून गेला होता, ते जाणवत होतं. मी सवयीने बघत राहिलो. मग २०१६च्या एका भागात लॉकेट चमकू लागतं ते सॅमच्या खिशात. म्हणजे त्याने ते टोपलीतून काढलं होतं. कधी, कसं, हे मालिका दाखवत नाही. डीन ते बघतो आणि काही विचारत नाही. मी रात्री दीड वाजता सुन्याला मेसेज केला, 'खिशात होतं रे.' त्याचं उत्तर लगेच आलं: 'बघतोय.'

शेवटचा भाग २०२०च्या नोव्हेंबरमध्ये आला. कोविडमुळे चित्रीकरण थांबून दोन भाग अडकले होते. देवाशी टक्कर देऊन झाल्यावर डीन एका गोठ्यात, साध्या शिकारीत, पाठीत लोखंडी सळई घुसून मरतो. सुन्याचा फोन आला तो शिव्यांनीच सुरू झाला. एवढ्या मोठ्या शिकाऱ्याला सळई? मी म्हटलं, बरोबर आहे. त्या क्षणी जग वाचवायचं नव्हतं, सौदा करायला सैतान नव्हता, म्हणून दोघांना बोलावं लागलं. पहिल्या रात्री सॅमच्या दाराबाहेर आपण किती वेळ घुटमळलो, हे डीनने तेव्हा सांगितलं. सुन्याला हे पटलं नाही, अजून पटत नाही. सॅमच्या म्हातारपणाचा टोप मात्र भिकार होता, यावर आमचं एकमत आहे.