आरसा निवताना

जानेवारीतली संध्याकाळ. वेचणी उरकत आलेली, पुढच्या खोलीत कापसाचा ढीग आढ्याला टेकलेला. दिवस बुडायच्या आतच मी आठ इंची दुर्बीण अंगणात आणून ठेवतो आणि पुढचे दोन तास तिला डोळा लावत नाही. आजी दारातून विचारते, "काहून रे बाहेर ठेवलं हे? थंडी लागन ना त्याले!"

थंडी लागावी म्हणूनच तर ठेवलेली असते. यवतमाळकडे या दिवसांत दुपार चांगली उबदार असते आणि अंधार पडला की पारा भराभर उतरतो. हवा लगेच गार होते. नळीच्या तळाशी बसलेली जाड काच मात्र दुपारची ऊब धरून बसते. त्या उबेने आरशालगतची हवा वर सरकत राहते आणि ताऱ्याचा उजेड तिच्यातून येताना-जाताना थरथरतो. खात्री करायची तर दुर्बीण व्याधावर रोखावी आणि फोकस मुद्दाम बिघडवावा. तारा पसरून चकती होते आणि तिच्यावरून चुलीच्या धुरासारख्या लाटा वळवळत जातात.

न्यूटनने १६६८ साली अशी पहिली दुर्बीण केली, तिचा आरसा धातूचा आणि जेमतेम सव्वा-दीड इंचाचा. त्याला निवायला कितीसा वेळ लागणार! आजच्या मोठ्या वेधशाळा घुमटच दिवसभर गार ठेवतात. माझ्याकडे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आहे, आरशामागे बसवलेला.

धाकटा भाऊ म्हणाला, बर्फ लाव. लावला असता तर काचेवर दव धरलं असतं, शिवाय काच एकीकडून आकसली असती. तिच्या वळणाला प्रकाशलहरीच्या पाव हिश्श्याचीही चूक सोसत नाही. काच गार करायची नसते, तापलेल्या दुधासारखी निवू द्यायची असते. पंख्याची फुंकर तेवढी घालावी. त्यात रात्रही थांबत नाही. काच दोन अंश उतरते तोवर हवा आणखी एक अंश उतरलेली.

मृगातल्या तिकांड्याखाली, तेजोमेघात चार ताऱ्यांचा इवलासा चौकोन आहे. आठ वाजता चौघेही केसाळ होते. अकराला ते टाचणीच्या टोकांएवढे झाले, आणि एकाला खेटून पाचवा दिसला.

मी आजीला हाक मारली. ती आली, नळीला हात लावला. "केवढं गार पडलं रे हे!" म्हणत तिने अंगावरची शाल नळीच्या तोंडावर टाकली.

पाचही तारे विझले.