अकरा ‘जर’ आणि एक तक्ता

मुलुंडला वीज महावितरणची. घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत बहुतेक घरांत अदानीची, काहींकडे टाटा पॉवरची. घरगुती ग्राहकांचे टप्पे तिन्हीकडे सारखे: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर मात्र वेगळे, आणि ते महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवून देतो. बिल आकारणारे फंक्शन सुचेल तसे लिहीत गेले, तर आधी कंपनी कोणती ते पाहायचे, म्हणजे दोन ‘जर’. मग प्रत्येक कंपनीच्या पोटात टप्पा कोणता ते पाहायचे, म्हणजे तीन-तीन ‘जर’. एकूण अकरा. कोडची गुंतागुंत मोजण्याच्या मॅककेबच्या पद्धतीने यात एक मिळवायचा. गुंतागुंत १२.

आता हेच तक्त्यात मांडू. रकाने तीन: कंपनी, टप्प्याची वरची मर्यादा, दर. त्या कंपनीच्या ओळी निवडायच्या आणि त्यांवरून एक लूप फिरवायचा. प्रत्येक टप्प्यात पडणारी युनिटे गुणिले दर, आणि बेरीज. गुंतागुंत २. आयोगाचा नवा आदेश आला की तक्त्यात ओळी वाढतात, फंक्शनला कुणी हात लावत नाही. मागच्या वर्षीचे चुकलेले बिल दुरुस्त करायचे असेल, तर दरही मागच्या वर्षीचाच लागतो. तक्त्यात ‘लागू दिनांक’ हा चौथा रकाना घातला की काम झाले. अकरा ‘जर’वाल्या फंक्शनमध्ये तेच करायला गेले, तर प्रत्येक आदेशासाठी नवे अकरा.

पण गुंतागुंत गेली कुठे? ती तक्त्यात गेली. मर्यादा चढत्या क्रमाने आहेत का, दोन टप्प्यांमध्ये फट राहिली का, एकाच तारखेला दोन दर लागू होतात का, हे तपासणारा कोड आता लिहावाच लागेल. आकडा १२ वरून २ वर आला म्हणून निर्धास्त होणारा माणूस इथेच फसतो.

*

टॉमस मॅककेबचा निबंध डिसेंबर १९७६चा. प्रोग्रामचा प्रवाह आलेखासारखा काढायचा, कडांमधून बिंदू वजा करायचे आणि दोन मिळवायचे. सोप्या भाषेत सांगायचे तर निर्णयांची संख्या अधिक एक. १० ही मर्यादा त्यानेच सुचवली. १९९६ साली वॉटसन आणि मॅककेब यांनी अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत, कारण असेल तर १५ पर्यंत जायला हरकत नाही, असे म्हटले आहे.

या आकड्याचा मला पटणारा उपयोग वेगळाच आहे. फंक्शनमधले एकमेकांपासून स्वतंत्र मार्ग तपासायला किमान किती टेस्ट लागतील, ते तो सांगतो. गुंतागुंत १२ आणि टेस्ट तीन, एवढे वाचले तरी बोलायला बसता येते.

*

हाच प्रवाह-आलेख पवईतही रोज काढला जातो, फक्त वेगळ्या कामासाठी. आयआयटी मुंबईत कंपायलरवर दीर्घकाळ काम झाले आहे. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचे डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवरचे पुस्तक २००९ मध्ये आले. कुठली किंमत कुठल्या मार्गाने कुठवर पोचते, याचा हिशेब त्यात आहे. कोड वाचणारा माणूस डोक्यात तेच करत असतो. मॅककेब वाटा मोजतो. त्या वाटांवरून काय वाहते आहे, ते त्याच्या आकड्यात येत नाही. दहा ठिकाणांहून बदलला जाणारा एक ग्लोबल व्हेरिएबल गुंतागुंत ३च्या फंक्शनलाही अगम्य करून टाकतो.

*

टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात, या आरोपावरच्या ओक्लाहोमातील खटल्यात २०१३ साली मायकेल बार या तज्ज्ञाची साक्ष झाली. गुंतागुंत ५०च्या वर असलेली ६७ फंक्शन्स त्याने ज्यूरीपुढे ठेवली. थ्रॉटलचा कोन ठरवणाऱ्या फंक्शनचा आकडा १००च्या वर होता. हे मोजमाप साक्षीपुराव्यात येते, हे प्रत्येक टीम लीडने लक्षात ठेवावे.

*

महिन्याचे नाव देणारा स्विच: बारा केस, मॅककेबच्या हिशेबाने गुंतागुंत बाराच्या आसपास. शाळकरी मुलालाही तो कळतो. त्याउलट चार लूप आणि ‘जर’ एकात एक कोंबलेले: गुंतागुंत ५, आणि वाचताना श्वास अडकतो. सोनारसोर्सने आणलेली कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी नेमकी इथे मॅककेबच्या पुढे जाते. सगळ्या केस मिळून स्विचला एकच गुण, आणि जितके खोल जाल तितका जास्त दंड. दोन्हींतला एकच आकडा ठेवायचा झाला तर मी हा ठेवेन.

*

मेंटेनेबिलिटी इंडेक्सवर माझा भरवसा नाही. हॅलस्टेडच्या पद्धतीने मोजलेले कोडचे आकारमान, मॅककेबचा आकडा आणि ओळींची संख्या एकत्र करून १७१ मधून वजा करायचे, असे ते सूत्र. व्हिज्युअल स्टुडिओ त्याचे ० ते १००मध्ये रूपांतर करतो आणि २०पासून पुढे हिरवा रंग देतो. पूर्ण मॉड्यूलची सरासरी काढली की शंभर किरकोळ फंक्शन्सच्या आड एक सडलेले फंक्शन आरामात लपते. सरासरी नको. सगळ्यात वाईट पाच दाखवा.

*

अंधेरीचे सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३चे, मुळात इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. सॉफ्टवेअर मागून आले, आणि त्यात मोठा वाटा दुसऱ्यांनी लिहिलेला कोड सांभाळण्याचा होता. वायटूकेच्या वर्षांत या शहराने आणि देशाने जगाचे कोबोल वाचून काढले. दोन अंकी वर्ष चार अंकी करणे महाग पडे, म्हणून पुष्कळ ठिकाणी खिडकीचा उपाय केला गेला: वर्ष ५०च्या आत असेल तर २०००चे, नाहीतर १९००चे. जिथे जिथे तारीख, तिथे तिथे एक नवा ‘जर’. ती दुरुस्ती वेळेवर झाली आणि तिने जग चालू ठेवले, हे मोठे काम होते. पण तिची किंमत कोडमध्ये शिल्लक राहिली. सॉफ्टवेअर कसे बदलत जाते याचे नियम मांडणाऱ्या लेहमनने ती आधीच सांगितली होती: वापरात असलेली प्रणाली बदलत राहते, आणि मुद्दाम मेहनत घेतली नाही तर तिची गुंतागुंत वाढतच जाते.

सांभाळणाऱ्याला आपल्याकडे नवे लिहिणाऱ्याइतका मान नाही. हे मला मनापासून खटकते.

*

“चालतंय ना, मग हात कशाला लावतोस?” हा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर टेस्टने द्यायचे, वादाने नाही. मायकेल फेदर्सने जुन्या कोडवरच्या २००४च्या पुस्तकात रीत सांगितली आहे: कोडने काय करायला हवे ते नंतर, आज तो काय करतो ते आधी टेस्टमध्ये पकडा. बिलाच्या फंक्शनला ०, १००, १०१, ३००, ३०१, ५००, ५०१ युनिटे द्या, तिन्ही कंपन्यांसाठी, आणि येणारी रक्कम जशीच्या तशी नोंदवा. पैसे गोल करण्यात चूक दिसली तरी तीही नोंदवा. मग एक ‘जर’ उचला, टेस्ट चालवा, दुसरा उचला. चूक सुधारायची असेल तर ती वेगळ्या कमिटमध्ये. फाउलरच्या रिफॅक्टरिंगवरच्या १९९९च्या पुस्तकाचे सारही तेच: बाहेरचे वर्तन तेच ठेवून आतली रचना बदलणे, लहान पावलांनी. दोन महिने सगळे थांबवून ‘रिफॅक्टरिंग प्रोजेक्ट’ काढणे याला मी रिफॅक्टरिंग म्हणणार नाही.

*

आकडा बढतीशी जोडला की लोक फंक्शनचे तुकडे पाडतात: भाग एक, भाग दोन, भाग तीन. प्रत्येकाला सात-सात पॅरामीटर. अहवाल हिरवा होतो, वाचणाऱ्याला मात्र एकाऐवजी तीन ठिकाणी फिरावे लागते. तुकड्याला नीट नाव देता येत नसेल, तर तो तुकडा पाडू नये.

*

गुंतागुंतीचे फंक्शन दहा वर्षांत कुणी उघडले नसेल, तर ते तसेच राहू द्या. अ‍ॅडम टॉर्नहिल गुंतागुंतीसोबत बदलांची वारंवारता पाहायला सांगतो, ते मला सर्वांत व्यवहारी वाटते. तुमच्या टीमकडे महागडे साधन नसले तरी गिट आहेच. गेल्या सहा महिन्यांत सर्वाधिक वेळा बदललेल्या दहा फाइली काढा, त्यांतले सगळ्यात गुंतलेले फंक्शन निवडा, आणि पुढचे काम त्याच फाइलमध्ये निघेल तेव्हा त्याच्या अंदाजात टेस्ट लिहायचा एक दिवस धरा. मॅनेजरला तो दिवस वेगळा मागू नका. तो त्या कामाचाच भाग आहे.