विहिरीचं पाणी कॉलमवर

हल्ली मणी पाडायचं काम माझ्या विद्यार्थिनीकडे आहे. माझ्या बोटांत कंप शिरलाय, सिरिंजमधून थेंब एकसारखा सुटत नाही. पाण्यातलं आर्सेनिक धरणारे कायटोसॅन-लोहाचे माझे मणी कॉस्टिकमध्ये पडताना शेपटीचे होतात; तिचे मोहरीसारखे गोल. कौतुक वाटतं, हेवाही वाटतो.

तिनेच निफाडच्या घरच्या विहिरीचं पाणी आणलं, त्यात आर्सेनिक घातलं आणि मण्यांच्या कॉलमवर सोडलं. डिस्टिल्ड पाण्यात नाव काढणारे मणी लवकर दमले. कारण सिलिका. आपला बेसॉल्ट झिजता झिजता ती पाण्यात सोडत राहतो. आर्सेनिक लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये, सिलिका मिलिग्रॅममध्ये, शेकडो पटींनी जास्त. लोहाच्या ऑक्साईडवर आर्सेनिकची जागा ती धरते आणि सावकाश तिथेच साखळ्या बांधते. पाण्याचा पीएच आठाकडे झुकला की आणखीच.

तीन संयुजेचं आर्सेनिक नऊच्या खालच्या पीएचला बहुतांशी भाररहित असतं, म्हणून त्याचं ऑक्सिडीकरण करून त्याला भार देण्यासाठी मण्यातच मँगनीज डायऑक्साईड घातला. ऑक्सिडीकरण झालं, पण सिलिका होती तिथेच. मणी मोठा केला तर गाभा कोरा राहतो. भुकटी वापरावी तर कॉलम तुंबतो. लोह वाढवलं की मणी ठिसूळ. या तीन भिंतींमध्येच मी फिरतो आहे आणि बाहेर पडायची इच्छाही नाही.

आमच्या क्षेत्रात ग्रॅममागे किती मिलिग्रॅम आर्सेनिक धरलं याची चढाओढ चालते. त्यासाठी सुरुवातीचं द्रावण लिटरमागे कित्येक मिलिग्रॅमचं घेतात. कुठल्या हापशाला असं पाणी येतं? पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. खरी परीक्षा तिथे, शेवटच्या थोड्याशा आर्सेनिकाशी. बांगलादेशसाठी अबुल हुसाम यांनी लोहाच्या संमिश्राचा सोनो फिल्टर केला, त्याला 2007 मध्ये ग्रेंजर पारितोषिक मिळालं. त्याचा मला आदर आहे, कारण तो कूपनलिकेच्या पाण्यावर उभा राहिला.

नाशिकला बसून आर्सेनिक कशाला, असं विचारतात. गडचिरोलीची हद्द ओलांडली की छत्तीसगडचा अंबागड चौकी भाग लागतो. तिथल्या कौडीकसा परिसरातल्या आर्सेनिकबद्दल दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्येच लिहिलं. ते गंगेच्या गाळातलं नव्हे, जुन्या कठीण खडकातलं. म्हणजे सिलिका तिथेही वाट पाहत असणार. एवढं जवळ असून आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ नाही, हे मला टोचतं.

आता मण्यांवरचा शोधनिबंध लिहितोय. डिस्टिल्ड पाण्याचा आलेख देखणा आहे, आणि तो पहिल्या पानावर असावा, त्याखाली माझं नाव असावं, असं मला मनापासून वाटतं. तिने विहिरीचे आकडे पहिल्या तक्त्यात घातले आहेत. ते तिथेच राहतील. आलेख पुरवणीत जाईल.