रंगांची साक्ष

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या पठारावर नेकनूर हे गाव आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी तेथे रंगांची जणू लयलूट असते. लाल मिरच्यांचे ढीग, पिवळीधमक हळद, हिरवट सीताफळे, शेतकऱ्यांची पांढरीशुभ्र पागोटी आणि गावाभोवती काळीभोर जमीन! डोळ्यांना हे रंग सहज दिसतात. पण कॅमेऱ्याला ते जसेच्या तसे दिसतात काय?

कॅमेऱ्याचे भिंग वरवर पाहता अगदी निर्मळ दिसते. वास्तविक ते अनेक काचांचे बनलेले असते. काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. तो वाया जाऊ नये म्हणून काचेवर अतिशय पातळ लेप देतात. काच आणि लेप यांच्या गुणांप्रमाणे एखादे भिंग चित्राला किंचित पिवळसर छटा देते, तर दुसरे निळसर. म्हणून भिंगाची परीक्षा घ्यावी लागते. आणि परीक्षेला निःपक्षपाती साक्षीदार हवा.

असा साक्षीदार म्हणजे स्लाइड फिल्म. साध्या रंगीत फिल्मवर रंग उलटे उमटतात. तिच्यावरून कागदावर चित्र छापताना कारागीर रंगांत फेरफार करू शकतो आणि भिंगाचा दोष झाकून जातो. स्लाइडचे तसे नाही. कॅमेऱ्यात जी फिल्म होती, तीच धुतल्यावर चित्र होते. ती उजेडासमोर धरावी आणि पाहावी. अशा फिल्मांपैकी प्रख्यात कोडॅक्रोम १९३५ साली निघाली. लिओपोल्ड मॅनेस व लिओपोल्ड गोडाउस्की या दोन संगीतकारांच्या प्रयोगांचे ते फळ होते.

परीक्षेची रीत सोपी आहे. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवावा. देखावा तोच, प्रकाश तोच, फिल्मचे रीळ तेच. बदलायचे ते केवळ भिंग. एक भिंग भर दुपारी आणि दुसरे सांजवेळी वापरले, तर मावळतीच्या तांबूस छटेचा दोष दुसऱ्या भिंगाच्या माथी यायचा! शिवाय दोष शोधायचा तो मिरच्यांच्या ढिगात नव्हे, तर पागोट्यात. भडक रंगात बारीकशी छटा लपून जाते. पांढऱ्या किंवा करड्या रंगावर ती लपत नाही.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? त्याचे उत्तर अजिंठ्यात मिळते. नेकनूरप्रमाणे अजिंठ्याची लेणीही १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. तेथील भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल यांनी कष्टाने केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनमधील आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेने केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. मग संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याझदानी यांनी छायाचित्रांच्या आधारे या चित्रांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात ४ भागांत प्रसिद्ध केला. अशा कामात भिंगाने रंग बदलला, तर बोधिसत्त्वाच्या कांतीचा वर्णही पुढील पिढ्यांना चुकीचाच कळायचा.

कोडॅक्रोम आता इतिहासजमा झाली आहे. हल्ली बहुतेक छायाचित्रे डिजिटल कॅमेऱ्याने निघतात आणि त्यांतील रंग मागाहून हवे तसे पालटता येतात. म्हणूनच ती जुनी रीत आज अधिक उपयोगाची आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि निवाडा करण्यापूर्वी पांढऱ्या पागोट्याची साक्ष घ्यावी.