फिरता कणा

बैलगाडीचा आख जागचा हलत नाही; चाके त्याच्याभोवती फिरतात. मोटारीची तऱ्हा वेगळी. इंजिन पुढे आणि जोर लावणारी चाके मागे अशी जिची रचना असते, तिच्या पोटाखालून एक लांब पोलादी नळी जाते आणि गाडी धावत असताना ती अखंड गरगरत राहते. गॅरेजमधील मंडळी तिला प्रोपेलर शाफ्ट, किंवा नुसतेच शाफ्ट, म्हणतात. मागच्या गिअरचे प्रमाण चारास एक धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला ही नळी मिनिटाला तीन हजारांहून अधिक फेरे घेते. आसनावर बसलेल्याला त्याची वार्ताही नसते.

आम्हांला ती वार्ता लागली सांगलीतील एका कुटुंबामुळे. वडिलांच्या पश्चात घरात त्यांची कॉन्टेसा उरली होती. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये काढलेली आणि २००२ मध्ये बंद केलेली ही गाडी. पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले, तेव्हा आपल्याकडे दमदार गाडी म्हणून तिचेच नाव घेतले जाई. मुलाच्या मनात आले की पोलादी शाफ्ट काढून कार्बन तंतूंचा हलका शाफ्ट बसवावा. खर्च बेताचा नव्हता. आई म्हणाली, ‘‘फादर, ह्यांची गाडी ह्यांच्यासारखीच राहू द्या. तुम्हीच समजवा ह्याला.’’

समजवायचे तर आधी समजून घेणे आले. हलकेपणाचा महिमा आमच्या भागाला नवा नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळालेल्या बैलगाडी शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की शर्यतीला कोणी उसाची गाडी जुंपत नाही. पण मोटारीचा हिशेब आम्ही कागदावर मांडला तेव्हा चित्र निराळे निघाले. आठ किलोची, सात सेंटीमीटर व्यासाची नळी फिरवायला इंजिनाला जे जास्तीचे श्रम पडतात, ते गाडीत पावणेदोन किलो ओझे ठेवल्याइतकेच. नळी बारीक, म्हणून तिचे वस्तुमान आसापासून फार दूर नसते. शिवाय ती गिअरबॉक्सच्या मागे असल्याने खालच्या गिअरमध्येही हा आकडा वाढत नाही. फ्लायव्हीलचे तसे नाही, तेथे वाढतो. शाफ्टचे वजन निम्मे केले तरी सारा लाभ पाच किलोंच्या आत. टाकीत सहा-सात लिटर पेट्रोल कमी भरले तरी तेवढे साधते.

मग जगातले कारखानदार कार्बनचा शाफ्ट वापरतात कशाला? माझ्दाने २००३ च्या आरएक्स-८ मध्ये तो दिला. लांब नळी एका ठरावीक वेगाला धनुष्यासारखी वाकून थरथरू लागते; लांबी दुप्पट झाली की तो वेग चौथाईवर येतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचे ताठपणाशी वजनाचे गुणोत्तर जवळजवळ सारखेच, म्हणून ॲल्युमिनियमची नळी जाड करावी लागते. कार्बन वजनाच्या मानाने कितीतरी ताठ असतो; त्यामुळे दोन तुकडे आणि मध्ये बेअरिंग, असा खटाटोप टळतो. खरा फायदा तो, आणि तो फार मोठ्या वेगाच्या गाड्यांना. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळणाऱ्या कॉन्टेसाला त्याचे काय?

शाफ्टच्या टोकांच्या सांध्याला ज्यांचे नाव चिकटले आहे ते जेरोलामो कार्डानो सोळाव्या शतकातले इटालियन वैद्य आणि गणिती. १५७० मध्ये इन्क्विझिशनने त्यांना कैदेत टाकले होते. आमच्या सेमिनरीत त्यांचे नाव कोणी घेतल्याचे स्मरत नाही. वस्तूचे सत्त्व कोणते आणि आगंतुक गुण कोणते, याचा काथ्याकूट मात्र आम्ही पुष्कळ केला होता. त्या न्यायाने शाफ्ट बदलला म्हणून गाडी वडिलांची राहत नाही, हे आईचे म्हणणे टिकणारे नव्हते. टायर तर त्यांनीच कितीदा बदलले असतील! पण तिला तत्त्वज्ञान नको होते. मुलगा वेगाच्या नादी लागेल हे भय होते. आणि भयाला जागा होती. पुढचा सांधा तुटला तर नळीचे टोक रस्त्यावर आदळते, आणि खड्ड्यात रुतले तर गाडीच उचलली जाते.

तेव्हा आम्ही मुलाला आकडेमोडीचा कागद दिला आणि त्या सांध्याविषयी विचारले. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटात चढताना गाडीच्या तळातून घरघर येते, असे तो म्हणाला. घरघर वजनाची नसते. झिजलेल्या क्रॉसची किंवा बिघडलेल्या तोलाची असते.

महिन्याभराने जुनीच नळी तोलून, दोन्ही क्रॉस बदलून आणि पुढच्या सांध्याखाली लोखंडी कडे बसवून गाडी गॅरेजमधून परत आली. कड्यामुळे वजन दीड किलोने वाढले आहे, आणि मुलगा हे आम्हांस भेटेल तेव्हा आठवणीने ऐकवतो.